मिशीवाली थोरली

अडुसष्ट-एकोणसत्तरचा हिवाळा. मी अमरावतीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय इंग्रजी. दोन वेण्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि जगात जे काही आहे ते आपल्याला कळून चुकलेलं आहे असा चेहरा. ती पोरगी आज माझ्या दारात आली असती तर मी तिला पाणी दिलं असतं आणि पाठ फिरवून हसले असते.

माझी मामेबहीण अकोल्याला. माझ्याहून सात महिन्यांनी लहान, पण बोलणं असं की मीच तिच्या कडेवर आहे. दर सोमवारी तिचं पत्र यायचं, दर गुरुवारी माझं जायचं. ख्यालीखुशाली मोठी माणसं लिहायची. आमच्या पत्राची पहिली ओळ ठरलेली : या हप्त्यात काय ऐकलं?

हा प्रश्न तिनं विचारणं सोपं होतं, कारण मामाकडे रेडिओ होता. आमच्याकडे नव्हता. बाबा मास्तर, आणि रेडिओ घरात आला की पुस्तक घराबाहेर जातं असं त्यांचं मत. तिकडे मामेबहिणीला पावसाळ्यात एकदा काटा फिरवता फिरवता दूरदेशीचं कुठलंसं स्टेशन सापडलं, आणि तिनं लिहिलं, "गाणं सुरू झालं, मंग हरवलं, मंग त्याले शोधाले दुसरं गाणं निघालं, ते बी वापस नाही आलं. दहा मिनिटं झाली तरी कोणी थांबाचं नाव घेईना. बाई, मले तर ताप आल्यासारखं झालं!"

बस. त्या दिवसापासून आम्ही दोघी त्या संगीताच्या झालो. विजेची गिटार, उलटी फिरवलेली टेप, मध्येच कुणाचं तरी हसणं, घड्याळाची टिकटिक, आणि विजेच्या पेटीचा बाजा असा की जणू कुणी अंगणात विमान उतरवून राहिलंय. सिनेमाची गाणी गुणगुणणाऱ्या मैत्रिणींकडे मी दयेनं पाहायला लागले. मी स्वतः त्यातलं एक अक्षर ऐकलं नव्हतं, हे बारीकसं सत्य मी कुणाला सांगत नव्हते. मी ते संगीत वाचत होते. आणि वाचून वाचून त्यातली जाणकार झाले होते.

दिवाळीनंतर तर तिची पत्रं फारच रंगायला लागली. एका सोमवारी कुणीतरी समुद्राखाली घंटा वाजवत होतं, "आणि घंटेतून बुडबुडे निघत होते." पुढच्या सोमवारी एक बाबा दारावर चमच्यानं वाजवून वाजवून शेवटी दार उघडायचाच नाही. मी ती पत्रं उशीखाली ठेवायची आणि जळायची. गुरुवारी माझ्याकडे लिहायला काय? भोंगेवाल्या काकांच्या तबकड्या.

भोंगेवाले काका आमच्या वस्तीत तीन घरं सोडून राहायचे. लग्नाला, बारशाला, जयंतीला लाऊडस्पीकर लावणं हा त्यांचा धंदा. वलगावपासून धामणगावपर्यंत त्यांचे भोंगे ऐकले नाहीत असं लग्न नव्हतं. दर रविवारी सकाळी ते सगळं सामान पुसून, जोडून, वाजवून बघायचे. विजेवर फिरणारी थाळी होती, तिच्या बाजूला एक लहानसं दांडकं होतं, आणि ते दांडकं काकांनी तांब्याच्या तारेनं असं करकचून बांधलेलं होतं की जसं काही ते रात्रीतून पळून जाईल. ते कशाचं आहे हे मी कधी विचारलं नाही. इंग्रजी घेतलेल्या मुलीनं असं विचारायचं नसतं.

आणि डिसेंबरात माझं नशीब उघडलं.

मामा शेतकी कॉलेजच्या कोंबड्यांवर होता. तिथे एक अमेरिकन पोरगा आला होता, चोवीस-पंचवीसचा, कोंबडीपालन शिकवायला. दोन वर्षं खेडोपाडी फिरून तो मराठी शिकला होता, आणि शिकला ती आमची वऱ्हाडी. त्याच्या सामानात एक रेकॉर्ड होती. मामानं नुसतं "हे कायचं आहे?" विचारलं, तर त्यानं ती मामाच्या हातात दिली : ऐका, मंग सांगा. मामाकडे वाजवायला यंत्र नाही. त्या पोराच्या खोलीवर होतं, पण तिथे पोरींना पाठवायचा प्रश्नच नव्हता. मामा कामाला अमरावतीला आला तेव्हा सतरंजीच्या घडीत ठेवून ती रेकॉर्ड घेऊन आला.

"तू इंग्रजी शिकून राहिली ना? ऐक, अन् यात काय आहे ते लिहून कळव. तीन हप्त्यांनी वापस पाहिजे, तो पोट्टा जाऊन राहिला आपल्या देशाले."

मी ती रेकॉर्ड दोन्ही हातांवर घेतली. केवढी मोठी! काकांच्या तबकड्यांसारखी जाडजूड, ठिसूळ नाही; पातळ, लवलवीत. वेष्टणावर अक्षरं होती, पण कढईत गूळ वितळावा तशी वितळलेली, एक वाचता येईल तर शपथ. मध्ये चार जणी उभ्या. केस खांद्यावर मोकळे, गळ्यात माळा, अंगात फुलाफुलांचे झगे. त्यातल्या थोरलीला मिशी होती. मी थोडा वेळ त्या मिशीकडे पाहिलं आणि ठरवलं की तिकडे बायकांना असेल. रेकॉर्डच्या मधोमध छापलं होतं, तेहतीस आणि एक तृतीयांश. म्हटलं, यांची तेहतिसावी असेल आणि चौतिसावीचा थोडा भाग झाला असेल.

रविवारी काकांकडे गेले. त्यांनी रेकॉर्ड उजेडात धरून पाहिली.

"कोणाच्या लग्नाची आहे?"

"लग्नाची नाही काका, ऐकायची आहे."

"बिनालग्नाची कोण ऐकते?" म्हणाले, पण लावली.

बापा रे! मी काकांच्या पायरीवर बसले होते ती उभीच राहिले. चौघी जणी इतक्या बारीक आवाजात, इतक्या झपाट्यानं गात होत्या की चिमण्यांच्या थव्यात कुणी दाणे टाकलेत. ढोल म्हणजे शिलाई मशीन. बाजा असा पळत होता की त्याच्यामागे कुत्रं लागलंय. मध्येच सगळं थांबायचं, आणि त्यातली एक, नक्कीच सगळ्यांत धाकटी, खुदकन हसायची. आठ मिनिटांत बाजू खलास!

"पोरी," काका म्हणाले, "हे लगनात लावलं तं वरात वापस जाईन."

मी त्यांना पुन्हा लावायला लावली. त्या तीन आठवड्यांत मी ती अकरा वेळा ऐकली. कॉलेज बुडवून ऐकली. काकू दारात सूप घेऊन उभ्या राहून म्हणायच्या, "आली वं माय, उंदरांची राणी आली." मी त्यांच्याकडेही दयेनं पाहिलं. आणि गुरुवारी मामेबहिणीला सहा पानांचं पत्र लिहिलं. सहा! आजवर ती पुढे आणि मी मागे. आता माझ्या हातात असं काही होतं जे तिनं ऐकलेलं नव्हतं. चौघी सख्ख्या बहिणी असाव्यात असं मी लिहिलं, कारण इतक्या घाईत एकमेकींचं बोलणं फक्त बहिणीच तोडू शकतात. थोरली मिशी असूनही संकोचत नाही हे मी विशेष नमूद केलं. "धाकटी तिसऱ्या मिनिटाला हसते. का हसते ते कळत नाही, आणि तिथेच या संगीताचं सारं मोठेपण आहे." हो, हे मी लिहिलं होतं. शाईनं.

तिचं उत्तर आलं. मी पुढे गेले म्हणून ती चिडली असेल अशी माझी आशा होती. कशाचं काय! "मी परवाच ह्याच चौघींले रेडिओवर ऐकलं. धाकटीचं हसणं मलेही आवडलं. थोरली मात्र सर्दी झाल्यावानी गाते." आणि खाली मुख्य बातमी : गोऱ्याचं सामान फार झालंय. रेकॉर्ड तो सोबत नेणार नाही. रविवारी मामाकडे जेवायला येतो आहे, यंत्रही आणतो आहे. आम्हा दोघींपैकी जिला ती खरंच कळली असेल तिला देऊन जाणार.

माझी झोप उडाली. ती रेकॉर्ड मला हवी होती. तसं काही मला तोवर कधी हवंसं झालं नव्हतं, साडी नाही, पहिला नंबर नाही. आणि ती पोरगी, जिच्याकडे आधीच रेडिओ आहे, ती माझ्याच पत्रातून शिकून माझ्यासमोर धाकटीच्या हसण्यावर बोलणार!

रविवारी सकाळी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. रेकॉर्ड मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. मूर्तिजापूरपर्यंत मी काय बोलायचं ते पाठ केलं, आणि अकोल्यापर्यंत ते विसरले.

मामाच्या अंगणात सतरंजी घातलेली होती. मामीनं वांग्याचं भरीत केलं होतं, कळण्याच्या भाकरी, ठेचा. घरात रेडिओवर भरतकामाचं झाकण, झाकणावर फुलदाणी. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ज्या रेडिओवर फुलदाणी बसली तो फार दिवस बोललेला नाही. पण माझं लक्ष गोऱ्याकडे. उंच, उन्हानं लाल झालेला, ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढत म्हणत होता, "मामी, अजून द्या. मले सवय झाली आता."

जेवणं झाली. त्यानं पत्र्याच्या पेटीतलं यंत्र काढलं, रेकॉर्ड घातली, सुई टेकवली. मामेबहीण माझ्या शेजारी बसलेली. मी चिमण्यांची वाट पाहत होते.

एक पुरुष गायला लागला.

हळू. विहिरीच्या तळातून येतो तसा आवाज. एकेक शब्द उच्चारून त्याला वाळत घालत होता. मी मामेबहिणीला कोपर मारलं.

"कोण आहे वं हा?"

"मले काय इचारतं? तुह्या चौघी कुठं गेल्या?"

"तू तर रेडिओवर ऐकलं ना परवा?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. मी आणखी बोलणार होते. तेवढ्यात त्या पुरुषाच्या मागून बाजा आला. तोच बाजा, ज्याच्यामागे कुत्रं लागलेलं असायचं. आता तो चालत होता, काळ्या मातीत पहिला पाऊस मुरावा तसा खाली खाली जात होता, आणि ढोल एवढ्या अंतरानं पडत होता की दोन ठोक्यांमध्ये मला माझा श्वास ऐकू यायला लागला. मग गिटार निघाली, वाट विसरली, तिला शोधायला दुसरी निघाली... मामेबहिणीनं पावसाळ्यात लिहिलं होतं ना, अगदी तसंच. खरंच असं असतं! मी अकरा वेळा ऐकलेली रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकत होते. बाजू संपायला वीस मिनिटं लागली आणि मला ती चार वाटली.

"सांगा आता," गोरा म्हणाला. "काय ऐकलं?"

माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत मामा उठला. अभिमानानं फुगलेला. फडताळातून माझं पत्र काढलं. "आमच्या भाचीनं सहा पानं लिहिलीत," म्हणाला, आणि खड्या आवाजात वाचायला लागला.

चार सख्ख्या बहिणी. चिमण्या. शिलाई मशीन. थोरलीची मिशी.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मामी हात पुसत दारात येऊन उभी राहिली. मिशीपाशी गोऱ्यानं मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. मग एकदम वर बघून म्हणाला, "थांबा मामा. माय, एका बाजूले किती वेळ लागत होता?"

"आठ मिनिटं," मी म्हटलं. आवाज धाकटीपेक्षा बारीक.

"आठ!" तो सतरंजीवर आडवाच झाला. हसून हसून उठला आणि मला यंत्राजवळ बोलावलं. बाजूला एक लहानसं दांडकं होतं. तसंच. फक्त याला तार नव्हती. तबकड्या दोन जातीच्या, त्यानं सांगितलं : जुन्या मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा फिरतात, ही तेहतीस आणि एक तृतीयांश वेळा. तुमच्या तिकडचं दांडकं जुन्यावर बांधलेलं असणार. मी ही गाडी दुपटीहून जोरात पळवत होते.

माझी तेहतिसावी रेकॉर्ड, आणि चौतिसावीचा थोडा भाग!

आता रेकॉर्ड गेली, असं मी मनात म्हटलं, आणि मग जाऊच दे म्हणून खरं सांगून टाकलं. "मी ही आजवर ऐकलीच नव्हती. आज ऐकली. मला बोलता येत नाही, पण पुन्हा लावा."

तो हसायचा थांबला. "लावतो," म्हणाला. "पण तुह्यावाली." आणि दांडकं अठ्ठ्याहत्तरवर सरकवलं.

आल्या! चौघी जणी आल्या, थवाच्या थवा, तुटून पडल्या. मामीनं कपाळाला हात लावला, "आता ह्या कोण आल्या?" गोरा यंत्रावर वाकला, कान जवळजवळ सुईला. तिसरं मिनिट आलं. सगळं थांबलं. खुदकन.

"हसली!" तो ओरडला. "मामा, धाकटी हसली! सालभर ऐकून राहिलो मी, मले कधी दिसली नाही ही पोरगी!" त्यानं ती जागा पुन्हा लावली, पुन्हा लावली. मग मामाकडे वळून म्हणाला, "मले हे पत्र पाहिजे. घरी नेतो. रेकॉर्ड जिनं लिहिलं तिले."

मी हात पुढे केला. खरंच केला. बोटं वेष्टणाला लागलीसुद्धा.

"पत्र माह्यं आहे," मामेबहीण म्हणाली.

ओढणी सोडून ती उभी राहिली होती. "माह्या नावानं आलं. पाकिटावर पत्ता पाहा. ज्याले पत्र पाहिजे त्यानं मले रेकॉर्ड द्यावी."

मी मामाकडे पाहिलं. मामानं पाकीट उलटून पाहिलं आणि खांदे उडवले. पत्ता तिचाच होता. अक्षर माझं, मूर्खपणा माझा, आणि माल तिचा! गोऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि दोन वर्षं वऱ्हाडात काढलेला माणूस, त्यानं व्यवहार ओळखला. पत्र त्याच्या खिशात गेलं, रेकॉर्ड तिच्या छातीशी. संध्याकाळच्या गाडीनं मी रिकाम्या मांडीनं परत आले आणि गुरुवारी पत्र लिहिलं नाही.

पुढच्या सोमवारी तिचं पत्र आलं. मी उघडणार नव्हते. सोमवारीच उघडलं.

"रेकॉर्ड भिंतीवर टांगली आहे. छान दिसते. आई म्हणते आरसा होता तोच बरा होता. यंत्र तर तो घेऊन गेला. तुमच्या भोंगेवाल्या काकांले इचार, ती तार सुटते का?"

मी चपला न घालता काकांकडे पळाले. काका ऐकेनात. एकदा नवरदेवाच्या मित्रांनी ते दांडकं हलवलं होतं आणि नवरी मांडवात येताना गाणं असं निघालं की बायका मयताला रडतात तशा रडायला लागल्या. तेव्हापासून तार. "अन् तू म्हणतं सोडा?"

"काका, एक वेळ. लग्न नाही, काही नाही. मी स्वतः पुन्हा बांधून देते."

"तुले बांधता येते?"

"इंग्रजी शिकते मी, काका."

"म्हणूनच इचारलं."

पुढच्या रविवारी मामेबहीण आली, रेकॉर्ड त्याच सतरंजीच्या घडीत. काकांनी पक्कड घेतली, वेढे मोजत असल्यासारखी सावकाश तार उलगडली, आणि दांडकं सरकवून दोन पावलं मागे सरले. भोंगा त्या दिवशी तपासायला दारच्या कडुलिंबावर चढवलेलाच होता, त्यामुळे ऐकलं ते सगळ्या वस्तीनं. तो विहिरीच्या तळातला आवाज लिंबावरून खाली उतरला. नळावरच्या बायकांनी माना वर केल्या. काकू सूप घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आज काहून रडून राहिली उंदरांची राणी? नवरा मेला का?"

आम्ही दोघी पायरीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलो. मी तिच्याशी बोलत नव्हते आणि मला आनंदानं बसवत नव्हतं, दोन्ही एकदम. गिटार वाट विसरली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"तुले एक सांगू? मारशील."

"सांग."

"आमचा रेडिओ दिवाळीपासून बंद आहे. व्हॉल्व्ह गेला. बाबा आणतो आणतो म्हणते."

मी तिच्याकडे पाहिलं. दिवाळीपासून. म्हणजे चौघी बहिणी तर नव्हत्याच, पण...

"अन् तो चमचा? दारावर वाजवणारा बाबा?"

"आई. कढई खरडून राहिली होती."

"अन् समुद्राखालच्या घंटा?"

"त्या मीनच केल्या. तुले सोमवारी काय लिहू मंग? तू वाट पाहतं."

मला मारायला हवं होतं. हात उचललाही. पण त्या घंटांसाठी मी दोन महिने उशी ओली केली होती, इतक्या त्या मला ऐकू आल्या होत्या, बुडबुड्यांसकट. माझ्या डोक्यावरून तो काळाशार बाजा वस्तीभर पसरत होता, खरा, पहिल्यांदा खऱ्या चालीनं, आणि मला त्यातही त्या घंटा कुठेतरी आहेत असं वाटत होतं.

"पुन्हा सांग," मी म्हटलं.

"काय?"

"घंटांचं. पहिल्यापासून."

ती सांगायला लागली. बाजू संपली तसे काका दारातून ओरडले, "ओ पोरींनो, पलटवू का बांधू?"

"पलटवा!" आम्ही म्हटलं, आणि मामेबहीण पायरीवरून उठून आत पळत गेली, "अन् काका, थोडा वेळ दांडकं तिकडे करा. मले माह्या चौघी ऐकाच्या आहेत."